लाल पिंप

भंगाराच्या आवारात मोठीचा शब्द शेवटचा. सासरा गेला, नवरा गेला, लेक कर्ता झाला, तरी तिच्यापुढे मान वर करायची कोणाची छाती नव्हती.

शाळा तिनं दुरूनच पाहिलेली. पण लोखंडाचा तुकडा ग्राइंडरच्या दगडाला लावला की उडणारी ठिणगी ती पत्र वाचावं तशी वाची. साधं लोखंड भसाभसा ठिणग्या सोडतं, तोंडाळ पाहुण्यासारखं. व्हॅनेडियम मुरलेलं पोलाद मात्र मोजक्याच ठिणग्या सोडतं; स्वतः झिजत नाही, दगडालाच खातं. ते नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला नुसतं लाल माल म्हणे. कारण असले पाने, ड्रिल आणि कातर-पाती ती वेगळ्या लाल पिंपात टाकी. कारखान्याच्या जुन्या भट्टीवाल्यानं तिला समजावलं होतं की हे व्हॅनेडियम चिमूटभर पडलं तरी पोलादाला बळ येतं. मग पोलाद कमी लागतं आणि तेवढा डोंगर खणायचा वाचतो. सरसकट भंगारात वितळवलं तर मात्र ते जळून मळीत जातं, आणि मळी म्हणजे भट्टीचा उकिरडा. तुझं पिंप वेगळं वितळवीन, असा शब्द त्यानं दिला होता.

त्या शब्दावर मोठीनं तीस वर्षं काढली. उजवा डोळाही त्यातच गेला. एक ठिणगी चष्म्याच्या कडेनं आत शिरली. डोळा सत्कारणी लागला, असं ती सांगे. आणि सुनेनं चुकून साधा पाना लाल पिंपात टाकला की, दोन असून आंधळीच की गं तू, म्हणून भर आवारात तिची लाज काढी. सून निमूट ऐकून घेई. मोठीला वाटे, चला, वळण लागलं.

शनिवारी माल घेऊन लेक जायचा. एका शनिवारी त्याची पाठ धरली, म्हणून मोठीच ट्रकात चढून बसली.

कारखान्यात भट्टीवाला तिला नवा होता; जुना केव्हाच गेला होता. क्रेनचं लोहचुंबक खाली आलं, लाल पिंपातला माल उचलला आणि पलंगाच्या पट्ट्या, पंख्यांची पाती पडली होती त्याच ढिगात सोडला. मोठी काठी उगारून धावली. नव्या भट्टीवाल्यानं तिला हात धरून बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. सहा वर्षं झाली मावशी, सगळं एकत्रच जातं, म्हणाला; एवढ्याशा मालाला वेगळी भट्टी कोण पेटवतो? तुमच्या मुलाला तेव्हाच कळवलं होतं. मळीचं काय करता, तिनं विचारलं. मळी रस्त्याला भर म्हणून जाते. तुमच्या आवारापुढचा रस्ता तिचाच.

घर येईपर्यंत मोठी खिडकीतून खाली, चाकाखालच्या रस्त्याकडे बघत होती.

लेक पलंगावर पालथा पडला होता. ती ओरडली नाही, तेव्हाच तो समजला.

"सहा वर्षं?"

"आई, डोळा घालवून बसलेलीस. काय सांगणार होतो? म्हटलं, मन रमतंय तर रमू दे."

"मन रमवायला मी काय खुळखुळा मागितला होता?"

ती दारातल्या सुनेकडे वळली. "तुला ठाऊक होतं. मग माझी बोलणी का खात होतीस?"

सुनेनं हात पदराला पुसले. "ते सांगितलं असतं, सासूबाई, तर मला बोलायलाही तुमच्याकडे काही उरलं नसतं."



सोमवारी ती पुन्हा दगडापुढे बसली. पिंप भरलं तेव्हा तिनं ते हमालांकडून आवारातून उचलून थेट लेकाच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी ठेववलं. वेगळं वितळवणारा कोणी भेटेपर्यंत माल इथून हलणार नाही, म्हणाली, आणि दुसरं पिंप आणायला सांगितलं.

"मग आम्ही निजायचं कुठं?" लेकानं विचारलं.

"रस्त्यावर. माझ्याच मालाचा आहे तो."

सून हसली नाही. दुसऱ्या पिंपाला जागा व्हावी म्हणून तिनं पलंग भिंतीकडे सरकवायला घेतला.