फ्रॉकखाली राहिलेली पँट

बायकांच्या कपड्यांच्या त्या दुकानात मावशीकडे दोन कामं होती. एक, मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांच्या मापाने कपडे उसवायचे आणि शिवायचे. दुसरं, रस्त्याकडच्या काचेमागे उभ्या असलेल्या पाच पुतळ्यांना दर पंधरा दिवसांनी नवे कपडे चढवायचे. पहिलं काम ती नेटाने करायची आणि दुसरं जीव ओतून. बाकीचे त्या पुतळ्यांना डमी म्हणत, मावशी पोरी म्हणायची. तीस वर्षांत तिने पोटच्या लेकीची वेणी जितक्या वेळा घातली नसेल तितक्या वेळा या पाचजणींच्या कॉलरी सरळ केल्या होत्या.

काचेतल्या कामाला एक नियम होता. थोरल्या मालकांनी तो पहिल्याच दिवशी घालून दिला होता: रस्त्यावरच्या लोकांसमोर पोरींना उघडं करायचं नाही. मग कपडे बदलायचे कसे? तर नवे कपडे जुन्यांवरूनच चढवायचे, आणि मग जुने आतून, खालून ओढून काढायचे. पँट काढायची तर एका हाताने पोरीला कवटाळून उचलायचं आणि दुसऱ्या हाताने पँट पायांतून सोडवायची. कंबरडं मोडायचं काम. शेजारच्या दुकानवाल्या पुतळ्यांवर चादर टाकून मोकळ्या होत. पण थोरल्या मालकांना चादर म्हणजे अभद्र वाटायची, आणि मावशीलाही मग तसंच वाटायला लागलं. मालक जाऊन दोन वर्षं झाली तरी नियम मात्र तिने सोडला नव्हता.

त्या संध्याकाळी चार पोरी आटोपल्या होत्या. मधलीच्या अंगावर गडद हिरवा, पोटरीपर्यंतचा फ्रॉक चढला होता, आणि आता खालची राखाडी ढगळ पँट काढायची, तेवढ्यात थोरल्या मालकांची सून आली. दुकान आता तीच बघायची. नवऱ्याला त्यात रस नव्हता. दुकानात सगळे तिला वहिनी म्हणत. माघारी मात्र ती सूनबाईच होती.

"मावशी, शनिवारी एकजण येणार आहेत," ती म्हणाली. "मोठमोठ्या दुकानांच्या काचा सजवतात. मी विचार करतेय, पुढच्या महिन्यापासून काचेचं काम त्यांनाच द्यावं. तुमच्यावर तरी किती भार टाकायचा?"

भार! मावशीला म्हणायचं होतं की अहो वहिनी, हा भार नाही, बाकीचा दिवस मी ढकलते तो ह्याच्यासाठी. पण म्हणाली फक्त "बरं". मग तिने मधलीचा गळा नीट केला, दिवा मालवला, पिशवी उचलली आणि घरी गेली. पँट तशीच राहिली.

सकाळी ती कोपऱ्यावरून वळली तर काचेसमोर तीन बायका उभ्या. त्यांच्याबरोबर, हाताची घडी घालून, सूनबाई. मावशीने काचेकडे पाहिलं, मधलीकडे पाहिलं, आणि तिचं धाबंच दणाणलं. तीस वर्षांत एक चूक नाही, आणि झाली ती नेमकी आज.

"मावशी, हे तुम्ही केलंत?" सूनबाईने विचारलं.

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? दुसऱ्या कुणी केलं म्हणावं तर खोटं. "हो," मावशी म्हणाली.

"कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं म्हणजे... झालं तसं."

सूनबाईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पण तिघींतली एक पुढे येऊन म्हणाली, "फार छान दिसतंय हो. फ्रॉकखाली पँट! मी उद्यापासून असंच घालणार."

"मला तर घाईत आवरून निघालेली बाई वाटते," दुसरी म्हणाली.

"अगं, म्हणूनच तर छान!" पहिली म्हणाली.

मावशी ऐकतच राहिली. घाईत आवरलेली बाई कधीपासून छान दिसायला लागली? तिची आई तर अशा अवतारात दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही.

आत गेल्यावर सूनबाईने तिला बाजूला घेतलं. "शनिवारपर्यंत बाकीच्या चौघींनाही असंच काहीतरी करा. ते येतील, बघतील, मग ठरवू काच कुणाकडे ठेवायची ते."

म्हणजे काच अजून गेली नव्हती. मावशीच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ तिच्या लक्षात आलं की जे आपण केलंच नाही ते आता चार वेळा करून दाखवायचं आहे.

तिने मापाची टेप काढली. माप कधी खोटं बोलत नाही, हा तिचा आयुष्यभराचा विश्वास. मधलीचा फ्रॉक गुडघ्याखाली किती येतो, त्याच्या खाली पँट किती दिसते, घेर किती, सगळं मोजून कागदावर मांडलं. मग मधलीला पहिली धरून दुसऱ्या पोरीला तस्साच फ्रॉक, तश्शीच पँट. बोटभरही इकडे-तिकडे नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर पोरगी न्हाणीघरातून अर्धवट आवरून आल्यासारखी. मावशीने डोळे चोळले, रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं. मधली छान, दुसरी बावळट. माप तेच, कापड तेच, पुतळाही त्याच कारखान्यातला.

असं कसं होईल? पण होत होतं खरं. पलीकडून एक बाई आली, मधलीपाशी थांबली, दुसरीकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेली.

तिसरीला तिने तपकिरी, सैल, खिशांचा फ्रॉक घातला आणि त्याखाली निळी रुंद पँट. चौथीला घेरदार फुलाफुलांचा फ्रॉक आणि काळी घट्ट पँट; ती उघडलेल्या छत्रीसारखी दिसायला लागली. पाचवीला तर तिने तीन वेळा घातलं आणि तीन वेळा काढलं, तेही नियम पाळून, कवटाळून, उचलून. संध्याकाळी कंबर धरून बसली तेव्हा पायाशी कपड्यांचा हा ढीग. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते काही उगीच नाही.

घरी गेल्यावर तिने लेकीचा एक फ्रॉक आपल्याच पँटवर चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. समोर कागद पसरून एका कुलपाच्या पोटात तेल सोडत होता.

"अहो, कशी दिसते?"

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "बाहेर निघालीस की बाहेरून आलीस?"

"म्हणजे?"

"अर्धे कपडे बदललेत, म्हणून विचारलं."

"हीच फॅशन आहे," मावशी रागाने म्हणाली, आणि आपण कुणाची बाजू घेतोय हे तिचं तिलाच कळेना.

"असेल बाई," तो म्हणाला. "माझं बरं आहे. कुलपाला किल्ली लागते, नाहीतर लागत नाही. मधलं काही नसतं."

लेक दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. ती आली, तिने आईला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "आई, छान दिसतंय तुला!"

"का छान दिसतंय?"

"का म्हणजे? दिसतंय."

"मग दुकानातली ती दुसरी का नाही दिसत? येता-जाता बघतेस ना तू?"

"ती नाही बाई दिसत."

"अगं, पण का?" मावशी जवळजवळ ओरडलीच. आख्खं आयुष्य कापडात गेलं, आणि कापडाचं एवढं साधं कोडं लेकीला सुटतं, आपल्याला सुटत नाही, याची तिला लाज वाटली. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

लेक शेजारी बसली. "हे बघ, काही नियम असतात. वरचं ढगळ तर खालचं घट्ट. नाहीतर उलट. कधीकधी दोन्ही ढगळही चालतं. कापड पातळ हवं, पण जाडही बरं दिसतं. आणि मुख्य म्हणजे, बघताना वाटलं पाहिजे की हे मुद्दाम केलंय. तुझी मधली कशी, बघताक्षणी कळतं की करणारीला काय करायचंय ते पक्कं ठाऊक होतं. दुसरी बघून वाटतं की पँट काढायची राहून गेली."

जी राहून गेली ती मुद्दाम वाटते, आणि जी मावशीने टेप लावून, कंबर मोडून मुद्दाम केली ती राहून गेल्यासारखी! हसावं की रडावं तिला समजेना. तिने फ्रॉक उतरवला आणि घडी घालून लेकीच्या कपाटात ठेवला.

शनिवारी सकाळपर्यंत तिचं ठरलं होतं. खोट्या शाबासकीवर काच मिळवायची आणि मग दर पंधरा दिवसांनी चुकायचं कसं याच्या विवंचनेत बसायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. काच गेली तर गेली. ती सूनबाईच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मधली मी मुद्दाम तशी सजवलेली नाही. त्या दिवशी तुम्ही काचेचं बोललात, माझं चित्त उडालं, आणि पँट काढायची राहिली. चूक आहे ती."

सूनबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"पहिल्याच सकाळी दिसलं. पँट काढायला तुम्ही अर्धवट सोडवलेल्या टाचण्या पायाशी तशाच दिसत होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी दुकानात शिरण्याआधी रस्त्यावर उभी राहून तुमची काच बघते. इतक्या वर्षांत मला एक टाचणी दिसली नाही. त्या दिवशी दिसली तेव्हा कळलं, काहीतरी बिनसलंय."

आपण पोरींच्या अंगावर सुरकुती राहू देत नाही, टाचणी दिसू देत नाही, हे कुणी बघत असेल असं मावशीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि बघत होती कोण, तर काच काढून घ्यायला निघालेली हीच बाई.

"मग कसं सुचलं म्हणून का विचारलंत?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. आणि खरं सांगू मावशी? त्या बायका का थांबल्या ते मला कळलंच नाही. तुमच्या नीटनेटक्या काचेसमोर हल्ली कुणी थांबत नाही, म्हणून तर मी त्या माणसाला बोलावलं. तुमच्या चुकीपुढे थांबल्या. वाटलं, निदान तुम्हाला तरी कळलं असेल त्या का थांबल्या ते."

"मला नाही हो कळलं."

"मलाही नाही."

एवढ्यात तो काचा सजवणारा आला. उंच, नाजूक चष्मा, हात मागे बांधलेले. त्याने रस्त्यावरून पाचही पोरी सावकाश पाहिल्या आणि दुसरीपुढे थांबला. त्या बावळट दुसरीपुढे!

"ही उत्तम," तो म्हणाला. "हिच्यात विचार आहे." मग मधलीकडे बोट केलं. "ही मात्र फसली. अगदी सरधोपट."

मावशीने सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने मावशीकडे. सूनबाईचा चेहरा शाळेत गणित न सुटलेल्या मुलीसारखा झाला होता. तिने त्या माणसाला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं, "कळवते" म्हणून दारापर्यंत पोचवलं. परत आली ती सरळ काचेपाशी.

"मावशी, तुम्हाला यातली कुठली आवडते?"

तीस वर्षांत थोरल्या मालकांनी विचारलं होतं, "झालं का?" गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, "माझ्या मापात आहे का?" हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. ती चपला काढून काचेत चढली आणि एकेकीसमोर उभी राहिली. टेप खिशातच होती, पण तिने ती काढली नाही.

मग तिने पाचवीला कवटाळलं, उचललं आणि पँट ओढून काढली. चौथीची काढली. त्या माणसाने नावाजलेल्या दुसरीची काढली. मधलीपाशी आली तेव्हा सूनबाई एक पाऊल पुढे आली, पण तिने अडवलं नाही. मधलीचीही पँट निघाली. तिसरी तेवढी राहिली, तपकिरी फ्रॉकातली, खाली निळी रुंद पँट.

"ही?" सूनबाईने विचारलं.

"ही."

"का?"

"ते नाही सांगता यायचं वहिनी. आवडली."

सूनबाईने तिसरीकडे नीट पाहिलं. तिला आवडली की नाही, देव जाणे. "ठीक आहे," ती म्हणाली. "काच तुमच्याकडेच राहू दे. पुढच्या खेपेला काय लावायचं तेही तुम्हीच ठरवा. मला फक्त सांगा."

मावशी पायऱ्या उतरून रस्त्यावर आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसारखी काचेसमोर उभी राहिली. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी येऊन थांबली, तिने तिसरीकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"अहो, हिची पँट काढायची राहिली वाटतं?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी मुद्दाम ठेवली आहे."