बाटली एकाची, तेल दुसऱ्याचं

मी एक गाडी बोलतेय. चार दारांची, राखाडी, अकरा वर्षांची. एरवी मी निमूट असते. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघाले ती थेट या घरात आले. माझे मालक तीस वर्षं एका कंपनीत भांडारपाल होते. खिळ्यांच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी चिकटवणारा माणूस! त्यांनी मला जपलं, हे मी नाकारत नाही. खोड एकच, रिकामी बाटली टाकवत नाही. गॅरेजच्या फळीवर बाटल्यांची ही रांग!

गेल्या वर्षी माझ्या स्टिअरिंगचं थोडं तेल उरलं. त्याचा डबा गळत होता, म्हणून मालकांनी ते ब्रेक ऑईलच्या रिकाम्या पिवळ्या बाटलीत ओतलं. "चिठ्ठी नंतर लावू," म्हणाले. नंतर कसली लावतायत! निवृत्तीनंतर घरात आराम, तिथे लेबलाला कुठला मुहूर्त?

मग त्यांच्या लेकीला नोकरी लागली. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, पहाटे साडेपाचची पाळी. त्या वेळी बस नसते. म्हणजे मी नाही, तर नोकरीही नाही. पोरगी गुणाची. दर रविवारी माझं पाणी, तेल, हवा सगळं बघायची. एकदा ब्रेक ऑईल खुणेच्या खाली दिसलं, तर तिनं विचारलंसुद्धा, "बाबा, यात कुठलं ओतू?"

"फळीवरची पिवळी बाटली. वर लिहिलंय की! वाचता येतं ना?" मालकांनी पेपरातून मानसुद्धा वर काढली नाही.

तिनं वाचलं आणि ओतलं. ते भलतंच तेल पिऊन माझ्या ब्रेकमधली रबरं फुगत गेली. पाय काढला तरी ब्रेक सुटेना, चाकांना जळका वास येऊ लागला. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"बाबा, गाडी ओढत नाहीये. ब्रेक धरून ठेवतोय."

"ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस, दुसरं काय! नाचता येईना, अंगण वाकडं."

चौथ्या दिवशी पाळीवरून परतताना, घराजवळच्या भर चौकात माझी चाकं आवळली. मागे भोंग्यांचा नुसता गदारोळ. मालक धावत आले आणि चारचौघांत तिच्या हातातली किल्ली हिसकावून म्हणाले, "हिला गाडी येतच नाही. आजपासून हात लावायचा नाही." तेव्हाच मला वाचा फुटली असती, तर तिथेच त्यांची खरडपट्टी काढली असती!

मेकॅनिकनं ब्रेक ऑईलचं झाकण उघडलं. आतलं रबर टम्म फुगलेलं. त्यानं पेलाभर पाण्यात आतले दोन थेंब सोडले.

"ब्रेक ऑईल पाण्यात मिसळतं. हे बघा, तरंगतंय. वरपासून चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागणार. ओतलं कुणी हे?"

"हिनं," मालक म्हणाले.

लेकीनं पिशवीतून पिवळी बाटली काढून पुढे ठेवली. मेकॅनिकनं ती हुंगली. "बाटली ब्रेकची, आत स्टिअरिंगचं तेल. हे यात भरलं कुणी?"

मालक चपलांकडे बघत राहिले.

आज माझ्या नळ्या धुतल्यात, रबरं नवीन आहेत, ब्रेक झकास लागतो. काल मालकांनी फळीवरच्या एकूण एक बाटलीला ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली. किल्ली मात्र अजून त्यांच्याच खिशात आहे आणि लेकीची रजा आज संपतेय.

मालक, चुकीची चिठ्ठी दिसली की तुम्ही ती नखानं खरवडून काढायचात. 'हिला गाडी येत नाही' ही चिठ्ठी चारचौघांत तुम्हीच लावलीत, चारचौघांत काढा. उद्या पहाटे पाचला ती माझ्या दाराशी उभी राहील. किल्ली तिच्या हातात द्या. आणि देताना मान वर करून तिच्याकडे बघा.