धाकटीच्या तपासणीला

थोरली जाऊ धाकटीला सोबत म्हणून दवाखान्यात आली होती, पण घाम हिलाच फुटला होता. फुटणारच! धाकटीसारखाच तिलाही तिसरा महिना चालू होता, आणि नवऱ्याखेरीज कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मागच्या खेपेला आनंदानं घरभर सांगून बसली. सातव्यात अंगावर सूज आली, बीपी चढलं आणि बाळ गेलं. म्हणून यंदा बाळ पोटात हलल्याशिवाय बोलायचं नाही, तोवर दवाखान्यातही जायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. जसं काही ही गप्प बसली की बीपीला घर सापडणारच नव्हतं!

नर्सनं धाकटीच्या दोन्ही दंडांना बीपीचे पट्टे बांधले.

"एका हातावर भरवसा नाही वाटतं?" धाकटीनं विचारलं.

"नाहीच," नर्स हसली. "आता रक्त घेऊ, मग गर्भाशयाकडे रक्त नीट जातंय का ते सोनोग्राफीत बघू. पुढे बीपी वाढायचा धोका आत्ताच कळतो. असला तर रोज एक छोटी गोळी. पण ती लवकर सुरू करावी लागते. चौथा सरल्यावर तिचा फारसा उपयोग नाही."

थोरलीनं बोटांवर महिने मोजले. बाळ हलायचं म्हणजे पाचवा उजाडणार! अगं बाई, काय करून बसले होते मी!

सगळं आटोपून धाकटी उठली. "चला ताई, झालं माझं."

थोरली जागची हलेना. आता बोलावं, घरभर आनंदीआनंद व्हावा, आणि पुन्हा रिकाम्या हातांनी परतावं लागलं तर?

"ताई, अहो, पांढऱ्याफटक पडलात!"

"माझंही बघा," थोरली नर्सला म्हणाली, ते इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या बायका डोकावल्या. "मलाही तिसराच आहे. मागचं बाळ बीपीनं गेलंय माझं."

धाकटीनं आ वासला. "आणि सांगणार कधी होतात? पोर शाळेत गेल्यावर?" म्हणता म्हणता तिचेच डोळे भरून आले.

नर्सनं थोरलीला पट्टे बांधले. आकडा बघून या वेळी ती हसली नाही. "जरा जास्तच आहे. त्यात मागचं तसं झालेलं. डॉक्टर गोळी देतीलच."

"गोळी घेतली की बाळ राहील ना?"

"खात्री मी कुठून देऊ, बाई? पण मागच्या खेपेला बीपी आधी पोचलं होतं. या खेपेला तुम्ही पोचलात."

थोरली ढसाढसा रडायला लागली. मग पदरानं नाक पुसत तिनं विचारलं, "आज रात्रीपासूनच घेऊ?"