एमिल पोलाकचा वॉल्ट्झ

व्हिएन्नाजवळच्या आमच्या गरम झऱ्यांच्या गावात उन्हाळाभर रोज साडेचारला बागेतल्या मंडपात वाद्यवृंद वाजायचा. ऑपेरेटांतली गाणी, वॉल्ट्झ, पोल्का. पाहुणे नाक दाबून झऱ्याचं खारट पाणी प्यायचे आणि मग आमच्यासमोर येऊन बसायचे. मी सत्तेचाळीस साली तिथे चेलो वाजवायला लागले. विशीतली होते.

जुन्या वादकांच्या तोंडी सारखं एक नाव असे: एमिल पोलाक. तो व्हायोला वाजवायचा. वृंदासाठी त्याने एक वॉल्ट्झही रचला होता. अडतीस साली नाझी आले, तेव्हा ज्यू म्हणून त्याला काढून टाकलं आणि वॉल्ट्झचे कागद जाळले. हुकमावर सही होती छडी धरून वृंद चालवणाऱ्या आमच्याच वेसेलीमास्तरांची. एमिल बोटीने शांघायला निघून गेला.

युद्ध संपल्यावर जुन्या मंडळींनी आपापला भाग आठवून लिहून काढला. मास्तरांनी सांगितलं नाही, पण अडवलंही नाही. हॉर्नचा भाग तेवढा मिळेना, कारण हॉर्नवाला फ्रांत्स रशियातल्या आघाडीवरून परतलाच नव्हता. त्याची सुरावट यायची तिथे नुसता ठेका चालू राही.

एकोणपन्नासच्या जुलैत आम्ही तो वॉल्ट्झ वाजवत होतो. संपला तसा पुढच्या रांगेतला एक वाळका माणूस उठला.

"हॉर्न कुठाय?"

बासरीवाली आल्मा ताडकन उभी राहिली. "एमिल! अरे, फ्रांत्स गेला रे."

त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "आणि व्हायोलाचा भाग कुठल्या गाढवाने लिहिलाय?"

"आठवून लिहिलाय, बाबा!" आल्मा म्हणाली. "तुझं अक्षर आम्हाला तेव्हा तरी कुठे लागायचं?"

तो हसला. आल्मा रडत होती. मास्तर खाली उतरले, हात पुढे केला. "एमिल, मी तेव्हा..."

"हात राहू द्या, मास्तर. व्हायोला द्या."

हॉर्नचा भाग त्याने त्याच संध्याकाळी कॅफेत बसून लिहून दिला. पुढे बारा वर्षं तो मास्तरांच्या छडीकडे बघून वाजवत राहिला. नमस्कारापलीकडे शब्द नाही.

एकसष्ट साली मास्तर निवृत्त झाले. शेवटच्या कार्यक्रमात छडी खाली ठेवून ते भरल्या बागेकडे वळले. "हा वॉल्ट्झ जाळायच्या हुकमावर सही माझी होती," म्हणाले. "आणि ज्याने तो रचला, त्याला मीच घालवलं."

एमिल म्हणाला, "वाजवू या आता, मास्तर. लोक थांबलेत."

नंतर मी त्याला विचारलं, "केलंस माफ?"

"नाही, ट्रूडे. पण तेवीस वर्षं कुणीतरी हे मोठ्याने बोलेल म्हणून वाट पाहत होतो. आज जरा झोप येईल."

त्र्याऐंशीत वृंद बंद झाला. मला अजून आठवतो तो मध्यंतरातला एमिल: प्लमचा केक खाताना व्हायोलावर चुरा सांडणारा, आणि आल्माने हटकलं की आधी तो चुरा वेचून खाणारा.