डावीकडचे पाटे

“झालं का, मिस्तरी?” वनमालाबाईंनी पुन्हा विचारलं.

“न्हाई, आईसाहेब. आताशी पाटे खोललेत,” आदिनाथ गाडीखालूनच म्हणाला.

त्या खुर्चीवर टेकल्या, लगेच उठल्या. शेडच्या दारापर्यंत गेल्या, केजच्या रस्त्याकडे बघून परत आल्या. नवऱ्याची ही लाल, दोनच माणसांची विलायती गाडी तो वारल्यापासून शेतातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून पडली होती. आता मुलानं, विजयसिंहानं, ती पुण्याच्या एका हौशी माणसाला विकली होती. इंजिन चालू करून घेतलं होतं, उद्या तो माणूस न्यायला येणार होता. गाडी मागून एका बाजूला कलली होती, म्हणून नांदूरघाटाहून आदिनाथला बोलावलं होतं. ट्रॉल्यांचे आणि जीपचे पाटे, म्हणजे चाकांवर भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या बाकदार पट्ट्या, बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

त्यानं दोन्हीकडचे पाटे बाहेर काढून जमिनीवर शेजारी शेजारी मांडले.

“मालक एकटेच फिरायचे वाटतं,” तो सहज बोलून गेला.

वनमालाबाई जागीच थांबल्या. “कशावरून?”

“हे बगा. डायवरकडच्या पाट्यांचा बाक पार गेलाय, सपाट झालेत. डावीकडचे अजून चांगले हायेत. शेजारी रोज कुणी बसलं असतं, तर हे बी दबले असते.”

“कुणीच बसत नव्हतं?”

“कवातरी बसलं बी आसंल. पण रोजचं न्हाई.”

अंबाजोगाईला कुणीतरी आहे, त्या बाईला गाडीतून फिरवतात, असं लग्नानंतर वर्षभरातच जावेनं त्यांच्या कानावर घातलं होतं. नवरा संध्याकाळी गाडी काढायचा आणि उशिरा परतायचा. वनमालाबाईंनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त त्याचं ताट स्वतः वाढायचं सोडून दिलं. त्यानंही कारण विचारलं नाही. सगळा संसार असाच झाला.

आपण काही भलतंच बोललो का, आदिनाथला कळेना. तो सपाट पाट्यांना ठोकून बाक आणू लागला. मधेच हातोडा थांबवून त्यांच्याकडे बघायचा. त्या येरझाऱ्या घालत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“मग मला कावून न्हाई नेलं?” त्या म्हणाल्या. आवाज हळू होता. विचारलं होतं ते आदिनाथला नव्हतं.

त्यानं नवे रबरी बुश बसवले, पाटे जागेवर चढवले, बोल्ट आवळले. दुपार कलली तेव्हा जॅक काढला. गाडी मागून समतल उभी राहिली. तो गाडीभोवती फिरला, दोन्हीकडून वाकून पाहिलं.

“चक्कर मारून बगावी लागंल,” तो हात पुसत म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “बसता का, आईसाहेब?”

त्यांनी घराकडे पाहिलं. मग पदरानं डावीकडची सीट पुसली. गाडी फार बुटकी होती, गुडघे वाकेनात. आदिनाथनं हात दिला तेव्हा त्या आत बसल्या.

गाडी शेतातून धक्के खात डांबरी रस्त्याला लागली.

“कुठवर जायाचं?”

“ते जायचे तिथवर.”

“कुठं जायचे मालक?”

“मला काय म्हाईत?” वनमालाबाई म्हणाल्या. “सरळ घ्या.”

वाऱ्यानं डोक्यावरचा पदर खाली आला. दोन्ही हातांनी त्यांनी दार घट्ट धरलं होतं. पदर तसाच राहिला.