रेमेईबाईंची घडीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लाकडी पाय, कापडी बैठक आणि कुरकुरणारी बिजागरी. सुताराने मला घडवले ते दमल्याभागल्या माणसासाठी. पण पदरात पडल्या रेमेईबाई, ज्या कधी दमतच नाहीत.

दर रविवारी दुपारी चर्चसमोरच्या चौकात सरदाना हा रिंगणाचा नाच रंगतो. आधी चिमुकली बासरी वाजते, मग बाकीचे वादक सूर धरतात. लोक पिशव्या, कोट मधोमध टाकून हातात हात घेतात आणि त्यांच्याभोवती रिंगण धरतात. पूर्वी बाईही नाचत, नवऱ्याच्या उजव्या हाताला. मी भिंतीला टेकून मजा बघत असे. नवरा गेला आणि बाईंना गुडघेदुखी जडली. मला काखोटीला मारून चौकाची चढण त्या झपाझप चढतात आणि वर पोचल्या की गुडघा धरतात. वैताग येणार नाही तर काय? बसल्या बसल्या साऱ्यांची उणीदुणी काढायची आणि पायाने ठेका धरून माझी बिजागरी खिळखिळी करायची.

या नाचात पावले मोजावी लागतात. रिंगणातला एकजण मोजतो आणि हात दाबून इशारा देतो, म्हणजे सगळे सुरांबरोबर थांबतात. आमच्या रिंगणात हे काम बाईंचे दीर फ्रुइतोस करतात. हल्ली त्यांचे मोजणे चुकते. गेल्या रविवारी वाद्ये थांबली तरी आमचे रिंगण उड्या मारतच राहिले. रिंगणातली तरणी पोरे चिडली. पुन्हा असे झाले तर शेजारच्या रिंगणात जाऊ, म्हणाली.

आज पहिल्याच नाचात तेच झाले. पोरे आपले कोट उचलू लागली.

"भाऊजी, लक्ष कुठंय तुमचं?" बाई माझ्यावरूनच कडाडल्या.

"वहिनी, तिथं बसून शिकवू नका. इथं येऊन मोजा."

"माझी जागा ह्यांच्या उजवीकडं होती."

"दादाची जागा कोण घेतंय? माझ्याच्यानं आता मोजणं होत नाही. रिंगण मोडेल हो."

बाईंनी गुडघा धरला. "आणि माझा गुडघा?"

"त्याला बसवा खुर्चीवर."

बाई उठल्या. त्यांनी आपली पिशवी कोटांच्या ढिगावर टाकली आणि दिराचा हात धरला. पोरांनी कोट परत खाली ठेवले. बाईंनी मोजून हात दाबला आणि शेवटच्या सुरावर सारे रिंगण एकदम थांबले. इतक्या वर्षांनी मला हायसे वाटले.

मित्रांनो, खुर्चीला पावसात ठेवू नका, बिजागरीला तेल द्या. पण बसल्या जागी पाय ठेका धरू लागले, तर कृपा करून उठा. मला रिकामे राहायला फार आवडते.