गोदामातला दुसरा गळा

इअरफोनचं पांढरं रबरी टोपण तुरीच्या ताटलीत पडलं आणि मृत्युंजयचं बोट दाण्यांतून नुसतंच फिरत राहिलं — लाल तुरीत पांढरी वस्तू, खरं तर लगेच सापडायला हवी, पण दुसऱ्या कानात मोबाईलमधला तो दाढीवाला अजून गात होता आणि तो गात असताना डोळ्यांकडून काही काम होत नव्हतं. रुंद खांद्यांचा, काळ्या कोटातला, चांगला थोराड गडी. मागे व्हायोलिनं, आणि पेटीसारखं दिसणारं पण तारा छेडल्यासारखं वाजणारं एक लांबट वाद्य. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा मृत्युंजयला वाटलं होतं, मोबाईल बिघडला... चित्र ह्याचं आणि आवाज कुण्या बाईचा. सकाळपासून तो हेच पुन्हा पुन्हा लावत होता. बसवजयंतीमुळे बसवकल्याणचा बाजार बंद होता, अडत दुकानाचं शटर अर्धंच वर, विचारायला कोणी येणार नव्हतं.

भाचीनं पाठवलं होतं, नेत्रावतीनं. ती कलबुर्गीला कॉलेजात शिकवते आणि रिकाम्या वेळात जगभरचं गाणं ऐकते. गाण्याखाली तिनं आपल्या आवाजातला निरोप जोडला होता : "मामा, हे युरोपातल्या बरोक काळातलं हाय, तीनशे वर्षांपूर्वीचं. तवा असला आवाज टिकावा म्हणून तिकडं पोरांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करायचे. आता पुरुष लोक वरचा खोटा आवाज लावून हे गातेत. ह्याचं तसं न्हाई. ह्याचा आवाज फुटलाच न्हाई. नैसर्गिक हाय." मग थोडी थांबून, "तुमची आठवण आली."

नैसर्गिक... शेतीच्या बाबतीत हा शब्द त्यानं हजारदा ऐकला होता, गळ्याला लावलेला आज पहिल्यांदाच. त्याच्या गळ्याला आजवर जे शब्द मिळाले ते वेगळे होते. मिशा वर्गात सगळ्यांच्या आधी आल्या, आवाज मात्र होता तिथंच थांबला, तेव्हा त्याचे वडील, अप्पा, म्हणायचे, उशिरा फुटंल. मग बीदरच्या हकिमाची चाटणं, मध-मिरी, थंडीत मफलर — जणू आवाज म्हणजे अडकलेला कफ, कधीतरी सुटेल आणि खाली पडेल. शाळेत प्रार्थनेला सरांनी मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, नुसते ओठ हलव. सर वाईट नव्हते, पोरं हसायची म्हणून त्यांनी तसं केलं. मी ओठ हलवले. इतके चांगले हलवले की नंतर कोणी मला गायला सांगितलंच नाही.

आणि फोन. फोनवर तर गंमतच असते. गावोगावचे शेतकरी तुरीचा भाव विचारायला फोन करतात, ह्याचा 'हॅलो' ऐकतात आणि अदबीनं म्हणतात, अक्का, सावकार हायत का? सुरुवातीला तो समजावून सांगायचा. पुढे कंटाळा आला — 'थांबा, देते' म्हणायचं, फोन क्षणभर तुरीच्या पोत्यावर ठेवायचा, हनुवटी छातीला टेकवायची, गळ्यावर दोन बोटं दाबायची आणि घोगऱ्या, जाड आवाजात 'बोला' म्हणायचं. दुबलगुंडीच्या अंकुशरावांनी तर एकदा ह्या जाड आवाजातल्या सावकारांना सल्लाही दिला होता, तुमच्या मालकीणबाई फार गोड बोलतेत, दुकानावर त्यांलाच बसवा. जगातले पुरुष वर चढायला खोटा आवाज काढतात. मृत्युंजय खाली उतरायला काढत होता, इतकाच फरक.

तो दाढीवाला काहीच काढत नव्हता. म्हणूनच तर कान सुटत नव्हता. ओढूनताणून वर नेलेल्या आवाजाच्या कडा फाटतात, हे मृत्युंजयला ऐकल्याबरोबर कळतं. ह्याला वर जावं लागतच नव्हतं, तो तिथंच राहत होता. गळा बारीक आणि त्यामागे भल्या थोरल्या छातीतला श्वास — ओळ संपली असं वाटावं तर ती अजून चाललेलीच, व्हायोलिनं मागं राहिलेली आणि हा एकटा पुढे... मग तो पहिल्या ओळीवर परत आला. तीच ओळ, पण आता तिला नवी वळणं, नव्या गिरक्या, घरी परतलेल्या माणसानं ऐसपैस मांडी घालावी तशी. समोर बसलेले लोक हसत नव्हते. एक म्हातारी डोळे पुसत होती. मृत्युंजयला एकदम फार बरं वाटलं.

भिंतीपलीकडे मठाच्या ओसरीत पाळण्याला फुलं बांधणं चाललं असावं. दुपार कलली की बायका बाळ बसवण्णाला पाळण्यात घालतात आणि पाळणा म्हणतात, अर्धा कन्नड, अर्धा मराठी. पुरुषांनी तेव्हा बाहेर थांबायचं, प्रसाद वाटायच्या वेळी आत यायचं. दुकानाच्या मागच्या भागातलं गोदाम आणि ओसरी ह्यांच्यात एकच भिंत, वर झरोका. मिसरूड फुटल्याच्या वर्षी तो पोत्यांमागे लपून बसला होता आणि यल्लम्माक्कांनी पाळणा धरला — त्या गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या, पहिली ओळ त्यांचीच — तेव्हा ती ओळ थेट त्याच्या गळ्यात येऊन बसली. तो गायला. हलकेच, मग हलकेच नाही. पलीकडे बायका म्हणाल्या, ऐका, गोदामाच्या पत्र्यातून आवाज कसा परत येतोय. तेव्हापासून दर बसवजयंतीला तो पोत्यांत जाऊन बसतो आणि बायका पत्र्याचं कौतुक करतात. एका वर्षी तो उमरग्याला अडकला तर पत्रा का वाजला नाही ह्याची चर्चा झाली, आणि कोणीतरी ठरवलं, तूर जास्त भरली असेल. वर्षातला तेवढाच दिवस माझा होता, आणि तो मला पुरायचा.

शटरखालून वाकून रेणुका आत आली. त्याची बायको, हातात प्रसादाच्या केळ्यांची पिशवी.

"यल्लम्माक्कांकडून आले. सोलापूरच्या दवाखान्यातून आणलंय त्यांला. गळ्यातल्या गाठी काढल्या, पण बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय. नुसतं कुजबुजायल्यात."

"मग पाळणा कोण धरणार?"

रेणुका केळी मोजल्यासारखी करत राहिली. "त्येच सांगायलेय. त्या म्हणाल्या, यंदा गोदामातल्याला बाहेर येऊन धर म्हणावं."

तुरीतलं बोट थांबलं. "कोण गोदामातला?"

"मला कामून विचारायलाव? पत्रा कुठं ओळ पाठ करतोय व्हय?" ती हसली नाही, हे तिचे उपकारच. "डॉक्टरनं त्यांला विचारलं म्हणे, एवढा ताण कशापायी दिलाव गळ्याला? तर हात हलवला नुसता." ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "बळजबरी न्हाई. पण बायका वाट बघायल्यात."

ताण... यल्लम्माक्कांचा आवाज त्याला चांगला ठाऊक होता. गल्लीच्या टोकाला भाजीवाल्याला हाक मारायच्या तर पुरुषानं मारल्यासारखी जड. असल्या ढाल्या आवाजाची बाई पाळणा मात्र दरसाल, महिनाभर आधीपासून घरात घोकून, इतका उंच धरायची की बायका कुरकुरायच्या, अक्का, जरा खाली धरा की. त्या ऐकायच्या नाहीत. त्यांचा हेकटपणा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं, मृत्युंजयनंही. पहिल्या वर्षी त्यांनी कुठे धरला होता? खाली धरला होता. हो, खालीच — मला चांगलं आठवतंय, मी वरून गेलो होतो, त्यांच्या ओळीच्या वरून. दुसऱ्या वर्षापासून त्या वर आल्या. माझ्या घरी येऊन भेटाव्यात तशा आल्या, आणि दरसाल येत राहिल्या, झेपत नसताना, एकदाही नाव न घेता... अप्पांनी चाटणं दिली, सरांनी मागची रांग दिली, ह्या बाईनं जागा करून दिली. आणि मी समजत होतो, मी लपलोय.

डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं येऊ दिलं. कोणाचे आभार मानावेत आणि कसे, हे त्याला कळेना.

टोपण सापडलं, ताटलीच्या कडेलाच होतं. त्यानं ते बसवलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अक्का, सावकार हायत का?" अंकुशराव.

दोन बोटं आपोआप गळ्यावर गेली. हनुवटी खाली निघाली... आणि निम्म्यात थांबली.

"मीच बोलायलोय, अंकुशराव."

पलीकडे अंकुशराव नंबर पुन्हा बघत असावेत. "बरं, बरं. सावकारांना द्या की, अक्का."

"मीच सावकार. हाच आवाज हाय माझा."

अंकुशराव काहीतरी बोलू लागले, पण त्याचं लक्ष झरोक्याकडे गेलं होतं. पलीकडे कुणीतरी धीर करून पाळणा धरला होता. खाली धरला होता, सगळ्यांना झेपेल असा, आणि ओळ संपताच बायका किंचित थांबल्या, पत्र्याकडे कान लावल्यासारख्या. वर बरीच जागा रिकामी होती. फोन कानाला तसाच धरून मृत्युंजय उठला आणि शटरकडे निघाला.